ट्रायकोडर्माच्या पिशवीवरचा अन् डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा 'ट्रायको' एकच का?

औशाचा_बाप
राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला, सात एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर. थोरली पोरगी लातूरला नीटची तयारी करायलीय, रूम करून राहती. दिवाळीला घरी आली, आई डोक्याला तेल लावायला बसली तर उजव्या कानाच्या वर रुपयाएवढ्या दोन जागा जवळजवळ मोकळ्या. आम्हाला वाटलं चाई पडली. एकानं कांदा चोळा म्हणलं, एकानं अजून काही. पहिल्या दवाखान्यात तर लेकराला सगळ्या पेशंटसमोर 'तूच उपटतीस नं' म्हणून रागावले, दोन दिवस ती धड जेवली नाही. मग लातूरच्या एका केसाच्या-कातडीच्या डॉक्टर बाईंकडं नेलं. त्यांनी एक छोटी दुर्बीण लावून निवांत बघितलं, तिच्याशी एकटीशी बोलल्या अन् चिठ्ठीवर लिहिलं ट्रायकोटिलोमॅनिया.

घरी येऊन चिठ्ठी हातात धरून ओसरीत बसलो तर समोर खुंटीला पेरणीतून उरलेली पिशवी, तिच्यावर छापलंय ट्रायकोडर्मा. तुरीच्या बियाला दरसाल लावतो मी ते. दोन्हीकडं ट्रायको. एक शब्द माझ्या शेतातला अन् एक माझ्या लेकराच्या डोक्यातला, तेव्हापासून हेच मनात घोळायलंय. हे दोन्ही एकच का वेगवेगळे? कुणाला माहीत असल तर सांगा. मॅनिया वाचून बायको घाबरलीय, तिला काहीतरी सांगता आलं पाहिजे.

उदगीरची_लेक
एकच आहे दादा. ट्रायको म्हणजे केस. ग्रीक भाषेतला शब्द. सविस्तर कुणीतरी लिहीलच, पण ताईला आधी सांगा की मॅनिया म्हणजे वेड लागलं असा अर्थ इथं घेऊ नका. मी स्वतः बारावीला असताना भुवया उपटायचे. आता दोन लेकरांची आई आहे.

जुना_मास्तर_अंबाजोगाई
संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त. थोडं माझ्या हद्दीतलं निघालं म्हणून लिहितो.

ग्रीकमध्ये केसाला 'थ्रिक्स' म्हणतात. पण 'केसाचा' असं म्हणायचं झालं की रूप होतं 'त्रिखोस'. इंग्रजीतून येताना त्याचंच ट्रायको झालं. म्हणजे कर्त्याच्या रूपात थ आहे अन् षष्ठीत त झाला. हे असं का होतं ते संस्कृत शिकलेल्या माणसाला चटकन कळतं, कारण आपल्याकडंही तेच आहे. मूळ धातूत थ अन् ख असे दोन महाप्राण जवळजवळ होते. ग्रीकला ते जड जातं म्हणून पहिला हलका केला, थ चा त. 'थ्रिक्स'मध्ये शेवटी स जोडल्यामुळं ख चाच क होऊन गेला, मग थ ला हात लावायची गरज उरली नाही. आता आपलं बघा, 'धा' धातूचं द्वित्व झालं तर 'धधाति' व्हायला पाहिजे, होतं 'दधाति'. 'भी'चं 'बिभेति', 'भृ'चं 'बिभर्ति'. हा नियम १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमान या जर्मन माणसानं मांडला, त्याच्याच नावानं ओळखतात. हा मूळचा गणिताचा माणूस, शाळेत शिकवायचा, अन् यानंच पुढं ऋग्वेदाचा मोठा शब्दकोश केला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

तर औशाचे भाऊ, 'टिलो' हे ग्रीक 'तिल्लेइन' या क्रियापदातून आलं, म्हणजे उपटणं. केस उपटण्याची ओढ, एवढाच अर्थ.

परभणीकर_कृषी
डर्मा म्हणजे कातडी. ट्रायकोडर्मा म्हणजे शब्दशः केसाळ कातडी. पर्सून नावाच्या शास्त्रज्ञानं १७९४ मध्ये हे नाव दिलं. ओल्या लाकडावर किंवा शेणखताच्या ढिगावर ही बुरशी वाढती तेव्हा आधी पांढरी तंतूंची लव दिसती अन् मग बीजाणू धरले की हिरवी होती. औसेकर, तुम्ही शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली ठेवत असाल तर आठ-दहा दिवसांनी गोणपाट उचलून बघा, ढेकळांवर हिरवट मखमल दिसल, तीच ती.

अन् जमिनीत ती काम करती तेही तंतूनंच. मर रोगाच्या बुरशीच्या धाग्याला वेटोळे घालती, त्याची भिंत विरघळवणारी विकरं सोडती अन् आतलं खाती. तूर उबळती ती या मर रोगानं. म्हणून बियाला किलोमागं चार-पाच ग्रॅम लावायचं सांगतात. फक्त एक, रासायनिक बुरशीनाशक अन् ट्रायकोडर्मा एकत्र कालवू नका, तीही बुरशीच आहे, मरून जाती.

मांजराकाठ
आमच्या उसाला ट्रायकोकार्ड लावतेत ते पण केसच का मग? 😀

परभणीकर_कृषी
हो, तेही केसच. ट्रायकोग्रामा. ग्रामा म्हणजे रेघ किंवा लिहिलेलं अक्षर. मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी, तिच्या पंखावर बारीक केसांच्या रांगा असतात, म्हणून केसांच्या रेघा. ती खोडकिडीच्या, बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालती, अळी बाहेर यायच्या आधीच खेळ संपला. एका कार्डावर वीसेक हजार अंडी चिकटवलेली असतात, तांदळातल्या पतंगाची, त्यांच्या आत ट्रायकोग्रामाची पिल्लं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, उन्हात नाही. अन् लावल्यावर आठवडाभर तरी कीटकनाशक मारू नका, नाहीतर कार्डाचे पैसे पाण्यात.

अकरावी_ब
मी पण लातूरलाच आहे, सेम क्लासचा ताण 🙏 बायोच्या नोट्समध्ये हा शब्द इतक्यांदा येतोय की मी वहीच्या मागं यादी केली. जीवाणूंची शेपटं म्हणजे फ्लॅजेला, तिथं मोनोट्रायकस एक केस, लोफोट्रायकस टोकाला तुरा, अँफीट्रायकस दोन्ही टोकांना, पेरीट्रायकस अंगभर. पॅरामेशियमचे ट्रायकोसिस्ट. पानावरचे ट्रायकोम. ट्रायकोमोनास, ट्रायकिनेला हे परजीवी. आधी हे सगळं घोकायचो, आता नुसतं केस आठवलं की निम्मं उत्तर येतं. ट्रायक्लोरो अन् ट्रायकोटॉमी पण यातच धरायचं का?

जुना_मास्तर_अंबाजोगाई
नाही बाळा, तिथं फसू नको. ट्रायक्लोरोमधला 'ट्राय' म्हणजे तीन, आपला त्रि. क्लोरीनचे तीन अणू. ट्रायक्रोमॅटिक म्हणजे तीन रंगांचं. ट्रायकोटॉमी तर दिसायला हुबेहूब केसाचं, पण ते 'त्रिखा' म्हणजे तीन भागांत, तीन तुकडे करणं. केसाचे तुकडे नाही. परीक्षेत संशय आला तर पुढचा भाग बघायचा अन् अर्थ लावून बघायचा, तीन बसतं का केस बसतं.

अन् अजून एक जवळचा चकवा आहे, ट्रॅक. ट्रॅकिया म्हणजे श्वासनलिका, ट्रॅकोमा म्हणजे डोळ्यांची खुपरी. ते 'त्राखीस' म्हणजे खरबरीत, त्यावरून. केसाशी संबंध नाही.

त्वचारोग_नांदेड
मास्तरांनी बरोबर सांगितलं, पण गंमत बघा, त्या खुपरीमुळंच पुढं जे होतं त्याचं नाव ट्रिकियासिस, अन् ते मात्र केसाचं. पापणी आतून व्रण पडून आकसते, पापणीचे केस आत वळतात अन् बुबुळावर घासत राहतात. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातून सारखं पाणी येतंय अन् 'काहीतरी टोचतंय' म्हणायलेत तर घरी चिमट्यानं केस उपटत बसू नका, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा.

आता मूळ पोस्टबद्दल. मी त्वचेचीच डॉक्टर आहे, तुमच्या मुलीला तपासलेलं नाही म्हणून सर्वसाधारण लिहिते. चाईमध्ये जागा एकदम गुळगुळीत असती, नाण्यासारखी गोल, कडेला मुळाशी बारीक झालेले केस दिसतात. उपटण्याच्या सवयीत जागा वाकडीतिकडी असती अन् तिथं वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस असतात, हात फिरवला की खरखरीत लागतं. तुमच्या डॉक्टरनी लावली ती दुर्बीण म्हणजे ट्रायकोस्कोपी, परत तोच शब्द. हा आजार असा नावानिशी पहिल्यांदा मांडला फ्रान्सच्या आलोपो यांनी, १८८९ मध्ये. तेही त्वचेचेच डॉक्टर. पण उपचार नुसते कातडीचे नाहीत. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो सवय उलटवण्याच्या सरावाचा. हात कधी डोक्याकडं जातो ते टिपायचं, अन् तेव्हा हाताला दुसरं काम द्यायचं, मूठ आवळून धरायची वगैरे. हे समुपदेशक नीट शिकवतात. रागावणं, टोमणे, 'हात खाली घे' असं दिवसातून वीसदा म्हणणं, यानं वाढतं. हे मी रोज बघते.

एक विचारून घ्या पण हळूच, उपटलेला केस ती तोंडात घालती का.

औशाचा_बाप
डॉक्टर ताई, हे का विचारायलात? तिनं सांगितलं नाही तसं काही, पण आता काळजी वाटायलीय.

त्वचारोग_नांदेड
घाबरवायला नाही दादा. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो, तो आपल्या पोटात पचत नाही. घसरडा असल्यामुळं जठरातच अडकून राहतो, एकावर एक साठत जातो अन् त्याचा गोळा होतो. त्याला म्हणतात ट्रायकोबेझोअर. बहुतेक करून शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलीच असतात. जेवण कमी होतं, उलट्या होतात, पोटात वर गाठ लागती, बऱ्याचदा मोठा झाला की ऑपरेशनच करावं लागतं. खात नसंल तर हा विषयच नाही. अन् खात असंल तर लवकर कळलेलं चांगलं, सोनोग्राफी किंवा एंडोस्कोपीत समजतं. म्हणून विचारलं.

गुलमंडी_संभाजीनगर
बेझोअर वाचलं अन् राहवलं नाही. हा शब्द फारसी आहे, मूळ 'पादजहर'. जहर तर आपल्याला माहीतच आहे, पाद म्हणजे राखणारा, उतारा. बकऱ्यांच्या, रानबकऱ्यांच्या पोटात सापडणारे खडे पूर्वी विषावर उतारा म्हणून सोन्याच्या भावानं विकायचे. अरबीतून बाजहर होऊन युरोपात गेला, तिथं बेझोअर झाला. म्हणजे ट्रायकोबेझोअर या एका शब्दात अर्धी ग्रीस अन् अर्धा इराण. आमच्या घरी आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, निजामाच्या काळातले, ते असले शब्द सोलून दाखवायचे, त्यांची आठवण आली.

मांजराकाठ
वा! जहर उतरवणारा खडा अन् इथं तोच गोळा लेकराच्या जिवावर उठायला. शब्दाचं कुठून कुठं गेलं.

सरकी
मी बीडची, कापूसवाली. सगळे आजाराचं लिहायलेत तर मी चांगलं एक सांगते. कापूस पण ट्रायकोमच आहे! एम.एस्सी.ला बॉटनी होतं माझं. सरकीच्या वरच्या सालीची एक-एक पेशी लांब होत होत अडीच-तीन सेंटिमीटरचा धागा होती. एक धागा म्हणजे एक पेशी. नुसती एक! आपण वेचतो ते सरकीचे केस. मला हे कळलं तेव्हा मी सुट्टीत घरी आले होते, वेचणी चालू होती, ओट्यातल्या कापसातून एक सरकी काढली अन् नुसती बोटानं केस मागं सारून बघत बसले, आई म्हणली काय झालं गं तुला.

अन् पानावरचे केस पण कामाचे. लव असलेल्या पानाच्या वाणावर तुडतुडे कमी येतात, त्यांना बसून सोंड खुपसायला अन् अंडी घालायला अडचण होती. पण पांढरी माशी उलट लव असली की जास्त येती. म्हणून कुठला वाण घ्यायचा ते आपल्या रानात काय जास्त येतं त्यावर.

गोदाकाठ_पैठण
हरभऱ्याची आंब विसरलात सगळे. हरभऱ्याच्या पानाच्या केसाच्या टोकाला आंबट थेंब असतोय, मॅलिक अन् ऑक्झॅलिक आम्ल. आमची आजी पौषात रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरायची, सकाळी दहिवरासकट पिळायची काचेच्या बाटलीत. पोट दुखलं की चमचाभर पाण्यात. पहाटे अनवाणी हरभऱ्यातून गेलं की पिंढऱ्या चुणचुणायच्या, चप्पल घालून गेलं तर ती आठ दिवसांत टणक व्हायची. तेव्हा वाटायचं दहिवरच आंबट आहे. आता कळलं केसाचा थेंब आहे.

उदगीरची_लेक
खाजकुयली पण मग केसच! शाळेत पोरं बाकावर टाकायची, अख्खा वर्ग खाजवत बसायचा. अन् तुळशीचा वास?

सरकी
हो ताई, खाजकुयलीच्या शेंगेवरचे केस टोचतात अन् त्यातलं प्रथिन कातडीत जातं म्हणून खाज. तुळशीच्या पानावर ग्रंथी असलेले केस असतात, त्यात तेल, पान चुरगळलं की ते फुटतात. अन् पडवळाचं शास्त्रीय नाव ट्रायकोसँथस, म्हणजे केसांचं फूल. रात्री उमलतं. पाकळीची कड बघा, पांढऱ्या बारीक धाग्यांची झालर असती. पडवळ न आवडणाऱ्यांनी निदान फूल तरी बघा.

शिरूर_अनंतपाळ
गजकर्णावरच्या मलमाच्या कागदात ट्रायकोफायटॉन लिहिलेलं असतं. ते?

त्वचारोग_नांदेड
तेही. फायटॉन म्हणजे वनस्पती, केसातली वनस्पती. माल्मस्टेन यांनी १८४५ मध्ये नाव दिलं, तेव्हा बुरशी वनस्पतीतच मोजायचे म्हणून. अन् इथं हात जोडून सांगते सगळ्यांना, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ट्यूब आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबती अन् मग अख्ख्या मांडीवर पसरतं. आता आपल्याकडं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची अशी जात पसरलीय की नेहमीच्या टर्बिनाफिन गोळीला बऱ्याचदा दाद देत नाही. घरात एकाला झालं तर टॉवेल वेगळा, कपडे उन्हात उलटे करून वाळवा, अन् सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या.

अकरावी_ब
सर, ट्रायक्युरिस म्हणजे केसाची शेपटी असं पाठ केलंय. जंताच्या गोळीच्या दिवशी शाळेत सांगितलेला चाबकासारखा जंत तोच नं?

परभणीकर_कृषी
तोच. पण नाव चुकलंय बघ. केसासारखा बारीक भाग शेपूट नाही, ते डोकं आहे. तो बारीक भाग आतड्याच्या आवरणात शिरवून बसतो अन् जाड भाग बाहेर. नंतर लक्षात आल्यावर ट्रायकोसेफालस, म्हणजे केसाचं डोकं, असं नावही सुचवलं होतं, पण आधी दिलेलं नाव टिकतं हा नियम. अडीचशे वर्षांपूर्वीची चूक अजून पुस्तकात चालू आहे.

जुना_मास्तर_अंबाजोगाई
या सगळ्यात आपली मराठी कुठं कमी नाही हेही सांगावंसं वाटतं. मूलरोम, केशिका हे शब्द तर पुस्तकात आहेतच. केशिका म्हणजे केसाएवढी बारीक रक्तवाहिनी, ते लॅटिन 'कापिल्लुस'वरून घेतलं, ग्रीकवरून नाही. पण खेड्यातला 'केसतोडा' बघा. केस मुळाशी दुखावला अन् तिथं गळू झालं, दोन शब्दांत कारण अन् आजार दोन्ही सांगून मोकळे. शाळा न शिकलेल्या माणसांनी केलेला शब्द आहे हा. पोरांना असे शब्द शिकवले तर ग्रीकचीही भीती जाती.

औशाचा_बाप
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. सगळं बायकोला वाचून दाखवलं. पोरीला पण धागा पाठवला, आधी धाकधूक होती तिला वाईट वाटंल का, पण तिनं रात्री अकराला फोन केला अन् मला पडवळाच्या फुलाबद्दल विचारत बसली. केस तोंडात घालती का तेही तिला तिच्या आईनं विचारलं, नाही म्हणली. पुढचं काही झालं की लिहीन.

मांजराकाठ
लिहा दादा. अन् उशिरा रात्री लेकराला फार जड वाटलं कधी तर १४४१६ लक्षात ठेवा, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या भाच्याच्या वेळी कामाला आला.

औशाचा_बाप
तीन आठवडे झाले, सांगितल्याप्रमाणं लिहितो. समुपदेशक बाईंकडं दोनदा जाऊन आलो. तिला एक छोटी वही दिलीय, हात डोक्याकडं गेला की वेळ लिहायची. बहुतेक वेळा रात्री साडेनऊ ते अकरा, फिजिक्सची गणितं सोडवताना अन् डावा हात रिकामा असताना. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. क्लासवाल्यांना आम्ही काही सांगितलं नाही, तिनं नको म्हणलं.

मागच्या रविवारी घरी आली. माझी आई ओसरीत बसून वाती वळायलती, पाव्हण्यांकडून आणलेला न पिंजलेला कापूस होता, सरकीसकट. पोरगी जाऊन शेजारी बसली अन् सरकीवरून कापूस ओढून ओढून आजीला द्यायला लागली. तासभर. मी बघत होतो, हात एकदाही कानाकडं गेला नाही. मग माझ्याकडं बघून म्हणली, बाबा, त्या बीडच्या मावशींच्या हिशोबानं हे पण ट्रायकोटिलोच आहे, फक्त मॅनिया नाही. आजीला काहीच कळलं नाही, ती म्हणली बारीक ओढ, तुटू देऊ नको.

जाताना पिशवीभर सरकीचा कापूस रूमवर घेऊन गेलीय.

सरकी
दादा डोळ्यात पाणी आलं. पत्ता मेसेजमध्ये टाका, आमच्या रानातला चांगल्या लांब धाग्याचा पाच किलो पाठवते तिला.

त्वचारोग_नांदेड
छान झालं. पुढच्या भेटीत समुपदेशक बाईंना हे नक्की सांगा, ओढण्याचीच क्रिया आहे म्हणून त्यांचं मत घ्या, त्या म्हणतील तसं ठरवा. अन् केस यायला तीन-चार महिने लागतात, रोज आरशात मोजायला लावू नका.

शिरूर_अनंतपाळ
औसेकर, ती ट्रायकोडर्माची उरलेली पिशवी कधीची आहे? पुढच्या पेरणीला वापरू नका, तारीख बघा आधी, सहसा वर्षभराच्या आतच चालती.